मायकोरायझा पहिल्यांदा वापरताय? मग एवढं सांभाळा

मायकोरायझाची पावडर कुंडीत वरून भुरभुरली तर चालेल का, असं विचारलंत. नाही चालणार. मायकोरायझा म्हणजे झाडाच्या मुळांत राहणारी, झाडाच्या उपयोगाची बुरशी. ती जिवंत मुळाशिवाय वाढूच शकत नाही. साखर आणि स्निग्ध पदार्थ ती झाडाकडूनच घेते. म्हणून रोप लावताना खड्ड्यात, थेट मुळांना लागेल अशी टाका.

सुरुवातीला बहुतेकजण इथे चुकतात:

- भरपूर स्फुरद (फॉस्फरस) देणं. बुरशीचे तंतू मुळं पोहोचत नाहीत तिथून स्फुरद आणून देतात, तोच झाडाचा मोठा फायदा. ते आयतं मिळालं की झाड बुरशीला फारसा थारा देत नाही. सुपर फॉस्फेटचा हात आधी आखडता घ्या.
- चुकीचं पीक. कोबी, मोहरी, मुळा, पालक, बीट यांचं या बुरशीशी जमत नाही. कांद्यावर करून बघा. त्याची मुळं जाड, विरळ असतात, त्यामुळे त्याला हिची गरज जास्त.
- सारखी माती उकरणं. तंतू तुटतात.

मुळं उपटून बुरशी शोधत बसू नका. ती पेशींच्या आत झुडपासारखी फांद्या फोडते, पण रंग दिल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखालीही नीट दिसत नाही. या फांद्या काही दिवसच टिकतात, मग नव्या येतात. मला हे अजूनही विलक्षण वाटतं!

जातींची नावं, बीजाणू मोजणं सध्या राहू द्या. एक कुंडी पावडरीची, एक बिनपावडरीची, बाकी सगळं सारखं ठेवा. मातीत ही बुरशी आधीपासून असेल तर फरक दिसणारही नाही. तेव्हा निराश होऊ नका.