वर्षाला २,५०० रुपये फी असलेलं क्रेडिट कार्ड ठेवावं की बंद करावं?

तुमचेच आकडे धरले तर बंद करा. कसं ते सांगते.

तुम्ही लिहिलंय की फी २,५०० रुपये आहे आणि वर्षात चार लाख खर्च झाले तर ती माफ होते. तुमचा खर्च एक लाख ऐंशी हजार, त्यातले तीस हजार पेट्रोलचे. दर दीडशे रुपयांना चार रिवॉर्ड पॉइंट मिळतात. शिवाय एक जुनं लाइफटाइम फ्री कार्ड आहे, त्यावर सरसकट एक टक्का कॅशबॅक. वर्षातून दोनदा पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून बंगळुरूला जाऊन येता. आणि पुढच्या वर्षी रावेतला फ्लॅट घ्यायचाय, म्हणून कर्ज देताना बँका बघतात तो सिबिल स्कोअर पडेल की काय ही धास्ती.

पहिली गोष्ट, फी २,५०० नाहीच. वर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून जाणार २,९५०. पुढचा सगळा हिशोब या आकड्याशी करायचा.

आता पॉइंट. पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत, तेव्हा ते तीस हजार बाजूला ठेवा. उरलेल्या दीड लाखावर ४,००० पॉइंट जमतात. तुम्ही म्हणता, बँकेच्या पोर्टलवरून तिकीट काढलं तर पॉइंटला पन्नास पैसे आणि बिलात वळते करून घेतले तर वीस पैसे. म्हणजे २,००० रुपये किंवा ८०० रुपये. पोर्टलवरचं तिकीट विमान कंपनीच्या साइटपेक्षा महाग नाही ना, हेही एकदा शेजारी शेजारी उघडून बघा.

लोक इथेच फसतात. दोन हजार मिळाले, फी २,९५०, उरलेलं कार्डावर फुकट मिळणारं विमानतळावरचं लाउंज (बसायची-खायची जागा) भरून काढेल, असं मनाशी धरतात. पण हे कार्ड नसतं तर तोच दीड लाख तुम्ही फ्री कार्डावर खर्च केला असता आणि १,५०० रुपये काही न करता मिळाले असते. म्हणजे फीवाल्या कार्डाची खरी कमाई दोन हजार नाही, पाचशे. तीसुद्धा पोर्टलवर तिकीट काढलं तर. नाहीतर उलट सातशेचा तोटा. पेट्रोलवरचा एक टक्का सरचार्ज दोन्ही कार्डांवर माफ होत असेल, तर तोही मोजू नका.

लाउंजबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण पुण्यात निम्मे लोक त्यापायी कार्ड धरून बसलेत. लोहगावचं नवं टर्मिनल २०२४ च्या जुलैत सुरू झालं आणि गर्दी विभागली गेली खरी, तरी पहाटेच्या विमानांच्या वेळी लाउंजच्या दारात उभं राहावंच लागतं. काउंटरवर कार्ड घासायचं, दोन रुपये कापल्याचा मेसेज येतो, मग आत जाऊन उपमा, इडली आणि मशीनची कॉफी. बोर्डिंगला वीस मिनिटं उरलेली असतात. त्या उपम्याची किंमत लाउंजच्या दरपत्रकातून घेऊ नका. कार्ड नसतं तर बाहेर तुम्ही किती खर्च केला असता? मी असते तर घरूनच डबा नेला असता, पण तुमच्यासाठी तीनशे धरू. जाताना-येताना मिळून चार वेळा, म्हणजे १,२००. पाचशे मिळवले की १,७०० झाले. फीला अजून १,२५० कमी पडतात. त्यातून हल्ली बऱ्याच बँकांनी आधीच्या तिमाहीत अमुक खर्च झाला असेल तरच लाउंज, अशी अट घातलीय. तुमच्या कार्डाला ती आहे का, हे दारात कळण्यापेक्षा आधी अ‍ॅपमध्ये बघा.

कार्डासोबत मिळणाऱ्या व्हाउचरचं एका वाक्यात: ज्या दुकानात तुम्ही एरवी पाऊल टाकत नाही, त्याचं व्हाउचर शून्य रुपयाचं.

मग चार लाख गाठून फीच माफ करून घ्यावी का? त्यासाठी अजून दोन लाख वीस हजार खर्चायला हवेत. २,९५० वाचवायला मार्चमध्ये नवा टीव्ही आणणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. घरात लग्न असेल तर गोष्ट वेगळी. पण लक्ष्मी रोडवर साड्या-सोन्याला कार्ड काढलं की काही दुकानदार वर दोन टक्के मागतात, तेव्हा नकोच. तुमचे पॉइंट जेमतेम १.३३ टक्क्यांचे. आणि एक, बँकेचं वर्ष बहुधा कार्ड मिळाल्या महिन्यापासून मोजतात, एप्रिलपासून नाही.

मी स्वतः फीवालं एक कार्ड ठेवलंय. आमच्याकडे मुलांची शाळा, किराणा, सासूबाईंची औषधं, सगळं त्यावरच जातं आणि खर्चाची मर्यादा आपोआप ओलांडली जाते. दुसरं होतं, त्याची फी लागल्यावर मी बँकेला फोन केला. "मॅडम, तुम्ही आमच्या व्हॅल्यूड कस्टमर आहात," इथून सुरुवात. बंद करायचंय म्हटल्यावर पहिली ऑफर आली, तीन महिन्यांत पंचाहत्तर हजार खर्च करा, फी परत. नको म्हटलं. दुसरी ऑफर बोनस पॉइंटची. तीही नको. मग "होल्डवर ठेवू का?" आणि दोन मिनिटांनी फी माफ. जीएसटीसकट का, हे मी विचारलं म्हणून तोही सुटला. तुम्हीही बंद करण्याआधी एक फोन कराच. फी पूर्ण गेली किंवा त्याच बँकेचं लाइफटाइम फ्री कार्ड बदलून मिळालं, तर ठेवायला माझी हरकत नाही.

स्कोअरचं म्हणाल तर तुमच्या बाबतीत घाबरण्यासारखं नाही. जुनं कार्ड फ्रीवालं आहे, ते राहतंच आहे. दोन्हींची मिळून उधारीची मर्यादा (क्रेडिट लिमिट) चार लाख, महिन्याचा खर्च पंधरा हजार. हे कार्ड गेलं की मर्यादा एक लाखावर येईल आणि त्या मर्यादेचा वापर चार टक्क्यांवरून पंधरावर जाईल. तीस टक्क्यांच्या आत असलं की सहसा चालतं. फक्त गृहकर्जाची फाइल बँकेत गेलेली असताना ही हलवाहलव करू नका. एक तर आत्ता, नाहीतर कर्ज हातात पडल्यावर.

बंद करताना आधी पॉइंट वापरून टाका, नंतर ते हाती लागत नाहीत. गॅसचं बिल, विमा, मोबाइल यांचं ऑटो-पे दुसऱ्या कार्डावर न्या. सगळी बाकी भरा आणि अर्ज लेखी किंवा ईमेलने द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. अर्जात हा नियम लिहिला की काम लवकर होतं, असा माझा अनुभव आहे. बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा. दोनेक महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढा, वर्षाला एक फुकट मिळतो. त्यात खातं अजून चालू दिसलं, तर तोच ईमेल जोडून तक्रार करा, म्हणजे रावेतच्या कर्जाच्या वेळी कोणी तुम्हाला त्या कार्डाबद्दल विचारणार नाही.