लोगो दिसतोय, म्हणजे बोर्ड जिवंत आहे

ताई, फॉरमॅट मारू देऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नाही.

तुम्ही सांगितलंत ते थोडक्यात असं. सुदामानगरच्या घरातला ब्रँडेड डेस्कटॉप विंडोज ८ घेऊन आला होता. पुढे भाच्याने त्यावर ७ टाकलं आणि नंतर त्याचंच १० झालं. दिवाळीत पुण्याला जाताना तुम्ही घराचा मेन स्विच बंद केलात. परत आल्यापासून बटण दाबलं की पंखा फिरतो, कंपनीचा लोगो येतो आणि मग काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. शिवाय तारीख कुठल्यातरी जुन्या सालावर गेली आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, एक तर मदरबोर्ड गेला किंवा विंडोज उडालं. आणि आत सासऱ्यांनी स्कॅन केलेले घरचे मोडी कागद आहेत, त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती तारीख. ती का, हे कळायला मशीन सुरू होताना काय घडतं ते पाहू.

बटण दाबलं की एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, आधी आपले व्होल्टेज स्थिर करतो आणि मग बोर्डाला ‘पॉवर गुड’ सिग्नल देतो. तोवर प्रोसेसर रीसेटमध्ये अडकवून ठेवलेला असतो. सुटल्याबरोबर तो पहिली सूचना एका ठरलेल्या पत्त्यावरून उचलतो, मेमरीच्या पत्त्यांमधल्या ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडून. तिथे रॅम नसते. तिथे बोर्डावरची छोटीशी फ्लॅश चिप जोडलेली असते आणि तिच्यात फर्मवेअर, म्हणजे ज्याला आपण सगळे अजूनही बायोस म्हणतो ते. पुढचा भाग मला फार आवडतो. या क्षणी रॅम वापरताच येत नाही. स्टिक स्लॉटमध्ये बसलेली असते, पण तिचा वेग, तिचं टायमिंग काहीच ठरलेलं नसतं. म्हणून फर्मवेअर प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीलाच (कॅशे) तात्पुरती रॅम करतं, तेवढ्याशा जागेत आपलं काम मांडतं, रॅम चालू करून घेतं आणि मगच तिच्यात उतरतं. त्यानंतर ग्राफिक्स, कीबोर्ड, डिस्क यांची पाळी.

लोगो पडद्यावर येतो तो हे जमल्यावर. तेव्हा तुमचा प्रोसेसर, रॅम, फ्लॅश चिप, ग्राफिक्स सगळं चाललंय. मदरबोर्ड बदलायचं काही कारण मला दिसत नाही.

आता फर्मवेअरला ठरवायचं असतं की ऑपरेटिंग सिस्टिम कुठून आणायची. याच्या दोन पद्धती आहेत आणि घोटाळा इथेच आहे. जुनी पद्धत १९८१ च्या आयबीएम पीसीच्या काळापासूनची: डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचायचा. त्यात ४४६ बाइट कोड, ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनांचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा, तक्ता आणि शेवटचे दोन बाइट ‘५५ एए’ ही खूण. खूण दिसली की तो कोड चालवायचा, बस. याला लेगसी म्हणतात. नवी पद्धत यूईएफआय. ती हा कोड चालवतच नाही. ती फॅट प्रकारच्या एका छोट्या पार्टिशनमध्ये बूटची फाइल शोधते. सापडली नाही, तर तिच्या लेखी डिस्कवर बूट करण्याजोगं काही नाही, मग विंडोज तिथे धडधाकट का असेना.

विंडोज ८ बरोबर आलेली ब्रँडेड मशीनं सहसा यूईएफआय आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) यांवर सेट केलेली असतात. भाच्याने ७ टाकताना ते बदलून लेगसी केलं असणार, तेव्हा सर्रास तसंच करत. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर हे सेटिंग आणि घड्याळ दोन्ही सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलच्या जोरावर टिकतं. सेल संपत आला तरी प्लग चालू असेपर्यंत कळत नाही, कारण बोर्डाला स्टँडबाय वीज मिळत राहते. तुम्ही मेन स्विच बंद केलात, सेलने दम सोडला, घड्याळ मागे गेलं आणि सेटिंग कारखान्यातल्या यूईएफआयवर परतलं. माझा सगळा संशय यावर आहे.

लोगोनंतरचा विंडोजचा प्रवास, म्हणजे बूट मॅनेजर, मग विंडोज मेमरीत चढवणारं विनलोड, मग कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर, शेवटी लॉगिन, तुमच्याकडे अजून सुरूच झालेला नाही. जे चालवूनच पाहिलं नाही ते उडालं कसं म्हणायचं?

प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि सेल बदला. राजवाड्याजवळ कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. अधिक चिन्हाची बाजू वर. मग सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून सेटअपमध्ये जा, काही मशीनवर एफ१० किंवा एस्केप असतं. आधी डिस्कचं नाव यादीत आहे का पाहा. असेल तर सिक्युअर बूट बंद करा (त्याशिवाय लेगसीचा पर्याय बरेचदा दिसतच नाही), लेगसी किंवा सीएसएम (लेगसी चालू देणारी यूईएफआयमधली सोय) चालू करा, तारीख लावा, सेव्ह करा.

एवढ्याने विंडोज डोकावून निळा पडदा आला आणि त्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं लिहिलेलं दिसलं, तरी घाबरू नका. साटाचा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी कसं बोलायचं ते सेटिंगही मूळ जागी गेलं असेल. एएचसीआय आणि रेड (अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत) हे त्याचे दोन पर्याय. एएचसीआय असेल तर रेड करा, रेड असेल तर एएचसीआय, आणि पुन्हा सुरू करून पाहा. रेडमध्ये नवीन अ‍ॅरे (डिस्कचा गट) बनवायला विचारलं तर मात्र नाही म्हणा, त्याने डिस्क पुसली जाते.

सुरू झालं की दुसरं काहीही करण्याआधी मोडी कागद बाहेरच्या डिस्कवर उतरवा, जमल्यास दोन ठिकाणी. आणि यादीत डिस्कचं नावच नसेल, तर मशीन बंद करा, डिस्कची केबल दोन्ही टोकांनी नीट बसवा आणि एकदाच सुरू करून पाहा. तरीही दिसली नाही तर ती काढून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची, परत परत चालू करून बघायची नाही. सेटअपमधल्या बूटच्या पानाचा फोटो पाठवा, लेगसीचा पर्याय कुठे आहे ते त्यावर खूण करून देतो.