चोर पकडणाऱ्यांचाच धंदा

प्रश्न: ताई, आमच्या साताऱ्यातल्या वाचन ग्रुपमध्ये सध्या रीजन्सी काळातल्या, म्हणजे १८११ ते १८२० च्या इंग्लंडवरच्या कादंबऱ्यांचं वेड आहे. सगळीकडे ड्यूक, बग्ग्या आणि नाचाच्या पार्ट्या. पण लंडनमध्ये तेव्हा चोर, जुगारी पण असतीलच ना? त्यांना पकडायचं कोण?
– एक वाचक, सातारा

उत्तर: होते की, भरपूर होते. जुगार तर बड्या लोकांच्या क्लबातच चालायचा, प्रिन्स रीजंटचा, म्हणजे आजारी राजाच्या जागी कारभार बघणाऱ्या युवराजाचा, एकेकाळचा दोस्त आणि फॅशनसाठी गाजलेला ब्यू ब्रमेल १८१६ मध्ये कर्जापायी फ्रान्सला पळाला. पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण खरी घाण तिथेच होती. लंडनला नीट पोलीस दल मिळालं १८२९ मध्ये. त्याआधी रात्रीचे पहारेकरी, कॉन्स्टेबल आणि बो स्ट्रीट कोर्टाची मोजकी माणसं, आणि यातल्या बऱ्याच जणांचा डोळा पगारापेक्षा बक्षिसावर असायचा. दरोडा, घरफोडी, खोटी नाणी असल्या गुन्ह्यात कोणी दोषी ठरला की ४० पौंड मिळायचे, शेतमजुराला वर्षभर राबूनही एवढे सुटायचे नाहीत. मग व्हायचं काय, की खिसे मारणारं पोरगं सापडलं तर त्याचे ४० पौंड मिळत नाहीत म्हणून सोडून द्यायचं आणि मोठा गुन्हा केला की धरायचं, पोल्ट्रीवाला कोंबडी वजनाला यायची वाट बघतो तसं.

१८१६ मध्ये हे सगळं बाहेर आलं. जॉर्ज व्हॉन हा बो स्ट्रीटच्या गस्तीतला माणूस, तोच तरुण पोरांना घरफोडीची फूस लावून पकडून द्यायचा. त्याच वर्षी काही गरीब आयरिश मजुरांना काम देतो म्हणून खोटी नाणी करायला बसवलं आणि बसवणाऱ्यांच्याच टोळीने त्यांना धरून दिलं, फाशीची शिक्षा झाली होती हो त्यांना! लॉर्ड मेयर मॅथ्यू वुड यांनी प्रकरण खणून काढलं म्हणून वाचले. मला याचा फार राग येतो, परक्या शहरात ज्याचं कोणी नाही असाच माणूस हेरून त्याच्या जिवावर पैसे कमवायचे.

ज्युरीतली साधी माणसं मात्र जमेल तिथे आडवी यायची. घरातून ४० शिलिंगची, म्हणजे दोन पौंडांची चोरी म्हणजे फाशी, म्हणून कितीतरी वेळा ते चोरीचा माल मुद्दाम ३९ शिलिंगचा ठरवायचे.

ती बक्षिसं बंद झाली १८१८ मध्ये, इंग्रजांनी आपला अजिंक्यतारा घेतला त्याच वर्षी. पुढच्या कादंबरीत बो स्ट्रीटचा कोणी हिरो म्हणून आला तर ग्रुपमध्ये हे ४० पौंडांचं प्रकरण नक्की काढा.