जुनी गाडी नव्याने बांधायची आहे. आतलं सगळं काढताना सुरुवात कुठून करू?

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. एअरबॅग असतील तर त्यानंतर निदान दहा-पंधरा मिनिटं स्टिअरिंगला आणि सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका. मग सीट काढा, म्हणजे आत बसून काम करता येईल. डॅशबोर्ड अगदी शेवटी. दाराच्या पॅनलच्या क्लिपा हमखास तुटतात (नव्या मागवून ठेवलेल्या बऱ्या).

खरं काम कार्पेटखाली असतं. पाणी मुरून पत्रा गंजलेला, त्यावर आवाज कमी करणारी डांबरी शीट घट्ट चिकटलेली. शीटवर ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पसरून ती कडक झाली की हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सुटते. जाड हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा. कनेक्टर सोडवण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा. फाटकं कार्पेट टाकू नका, नवं त्याच मापाने कापता येतं.