वाचकांचे प्रश्न : टू-स्ट्रोक इंजिनातील ऑइल आणि कार्ब्युरेटर

प्रश्न : आंबा-काजूच्या बागेतील बेणणीसाठी (गवत-झुडपे कापण्यासाठी) आमच्याकडे टू-स्ट्रोक ब्रश कटर आहे. माहितीपुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचे प्रमाण ५०:१ दिले आहे. परंतु इंजिन तापते म्हणून मी लिटरला ४० मिली ऑइल घालू लागलो. आता धूर वाढला, ताकद घटली, तापणे मात्र तसेच आहे. कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवावेत का? (एक बागायतदार, देवगड)

उत्तर : स्क्रूला हात लावण्यापूर्वी ऑइल पुन्हा ५०:१ वर, म्हणजे लिटरला २० मिलीवर आणावे. ऑइलच्या प्रमाणावर वंगण अवलंबून असते. हवेत पेट्रोल किती मिसळायचे हे कार्ब्युरेटर ठरवतो. जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरमधील इंधनाच्या बारीक छिद्रातून, जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढले की पेट्रोलचा वाटा घटतो, आणि दाट झालेला द्रव सावकाशही वाहतो. त्यामुळे पेट्रोल कमी पडून इंजिन थंड राहण्याऐवजी अधिक तापू शकते. अशा वेळी धूर पाहून ‘पेट्रोल जास्त जाते आहे’ असे समजून स्क्रू आवळला, तर पिस्टन जाम होण्याची वेळ फार दूर नसते.

त्यात पंपावरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पटच, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते. म्हणून पूर्वीच्या पेट्रोलवर बसवलेला कार्ब्युरेटर आता थोडे कमीच इंधन देतो. इथेनॉल ओलावाही शोषते, तेव्हा कोकणच्या पावसाळ्यात मिश्रण कॅनमध्ये साठवून ठेवू नये. ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठीचे, ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ (टू-स्ट्रोक ऑइलची जपानी मानके) दर्जाचे घ्यावे. होडीच्या आउटबोर्डचे ‘टीसी-डब्ल्यू३’ ऑइल किनाऱ्यावर सहज मिळत असले, तरी ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते.

ताकद घटण्याचे कारण माझ्या मते आधी सायलेन्सरच्या तोंडाशी असलेल्या जाळीत शोधावे. जास्त ऑइलच्या काजळीने ती बुजते. जाळी, एअर फिल्टर आणि प्लग साफ करूनच कार्ब्युरेटरकडे वळावे. इंजिन गरम झाल्यावर ‘एल’ (कमी वेगाचा) स्क्रू हलकेच फिरवून वेग सर्वाधिक होईल ती जागा शोधावी, तिथून स्क्रू किंचित सोडावा आणि मग आयडलिंगच्या स्क्रूने पाते फिरणार नाही इतका वेग ठेवावा. ‘एच’ (जास्त वेगाचा) स्क्रू असल्यास पूर्ण रेसवर सर्वाधिक वेग मिळेल तिथे कधीही थांबू नये. स्क्रू थोडा सोडून आवाज किंचित फाटका ठेवावा, आणि गवतात पाते घातल्यावर तो साफ झाला पाहिजे. रेस सोडल्यावरही वेग उतरत नसेल, तर गॅस्केट किंवा क्रँकच्या सीलमधून हवा शिरत असण्याची शक्यता मोठी असते, आणि तो दोष स्क्रूने झाकता येत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलचा ऑइल पंप काढून टाकीतच ऑइल मिसळावे, असा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पंप चालू स्थितीत असेल तर काढू नये. तो इंजिनाचा वेग आणि रेस पाहून ऑइल कमी-अधिक देतो. टाकीत मिसळलेले प्रमाण मात्र प्रत्येक वेगाला सारखेच राहते. पंपाच्या केबलची खूण जुळते का आणि ऑइलच्या नळीत हवेचे बुडबुडे आहेत का, हे आधी तपासून घ्यावे. पंप निकामीच असेल, तर तो बंद करून टाकीत ऑइल मिसळल्यावर जेट पुन्हा प्लगचा रंग पाहून बसवावा लागेल : विटकरी तपकिरी रंग योग्य, पांढरट रंग दिसल्यास मोठा जेट घ्यावा.