‘वळू’ला लोक हसत नाहीत, काय करावं?

तुमच्या सोसायटीच्या गणपतीत ‘वळू’ चित्रपट लावला आणि थोड्याच वेळात मागून ‘अजून पकडला का नाही?’ सुरू झालं, हे वाचलं आणि आमच्या मंडळाचा शो आठवला. तिथेही हाच प्रश्न! पुन्हा लावावा का, विचारताय. लावा.

गोष्ट सांगत बसत नाही. उमेश कुलकर्णींच्या या पहिल्या चित्रपटात (२००८) डुरक्या हा मोकाट वळू सापडतो की नाही, यात फारसा जीव नाहीच. जीव आहे कुसवडे गावच्या माणसांत. वळू पकडायला आलेल्या फॉरेस्टच्या साहेबाचा भाऊ कॅमेरा रोखतो आणि गाव बोलायला लागतं. काहीही बिघडलं की बिल वळूच्या नावावर! मोहन आगाशेंचा सरपंच, नंदू माधवचा आबा, प्रभावळकरांचे भटजी आहेतच. पण खरी गंमत बोलणाऱ्याच्या मागे घुटमळणाऱ्या चारचौघांत, त्यांच्या अर्धवट शेऱ्यांत. म्हणजे आवाज स्वच्छ हवा.

तिथेच आमचं घोडं पेंड खाऊन बसलं. हॉलच्या ऑफिसला (नाव घेत नाही) आधीपासून सांगत होतो, आवाजाची चाचणी करू द्या. ‘साउंडवाला संध्याकाळी येईल.’ आला, शो सुरू झाल्यावर. एका बाजूचा स्पीकर मुका. पडद्यावर गिरीश कुलकर्णीचे ओठ हलताना दिसत होते, बस्स. वर मध्यंतर कॅन्टीनच्या सोयीने: वडे तळून तयार, म्हणून चालू प्रसंगात भसकन दिवे लावले. भाडं मात्र पूर्ण घेतलं. तक्रार केली तर ‘साहेब सोमवारी भेटतील’. असो.

दोष आहेतच. मी काही समीक्षक नाही, पण उत्तरार्धातली धावपळ मला तरी लांबलेली वाटते. सरपंच-आबांची खुन्नस झकास रंगते आणि त्या धावपळीत मागे पडते. निर्मिती सावंत, भारती आचरेकर, अमृता सुभाष अशा बायका हाताशी असून त्यांच्या वाट्याला फार थोडं आलंय. प्रेमप्रकरण तर तोंडी लावण्यापुरतं. संथपणाला मात्र मी दोष म्हणणार नाही, कोणी कितीही भांडो.

सूचना फलकावर ‘धमाल विनोदी’ लिहू नका, लोक मिनिटागणिक हशा मागतात. महाप्रसादानंतर तर मुळीच नको, निम्मे पेंगतात. रॉटरडॅमच्या महोत्सवात गेलेला चित्रपट आहे, इंग्रजी सबटायटलची प्रत मिळाली तर तीच लावा; अमराठी शेजारीही बसतील. स्पीकर भाड्याने आणणार असाल तर दुपारीच जोडून, शेवटच्या रांगेत बसून ऐकून घ्या.