बायोप्सीची जागा पुन्हा शोधण्याचं काम करायचंय, तर काय शिकू?

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या बाबांना बॅरेट्स इसोफॅगस (अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराचं रूप बदलण्याचा विकार) आहे, त्यामुळे ठरावीक काळाने त्यांची एंडोस्कोपी होते. मागच्या खेपेला आधी टिपून ठेवलेली संशयास्पद जागा पुन्हा सापडायला डॉक्टरांना बराच वेळ लागला. ती जागा कॉम्प्युटरने दाखवावी, अशा कामात मला जायचं आहे. पदव्युत्तर शिक्षण एआयमध्ये घेऊ की बायोमेडिकलमध्ये?

उत्तर : घरातल्या माणसाच्या तपासणीत दिसलेली अडचण तू स्वतःच्या विषयाशी जोडलीस, याचं मला फार अप्रूप वाटलं. शाखेचं नंतर पाहू. आधी ही अडचण नीट समजून घे, कारण शाखेचं उत्तर त्यातच सापडेल.

अन्ननलिका ही ओली, गुळगुळीत, सतत हलणारी नळी. श्वासाने हलते, शेजारच्या हृदयाच्या ठोक्याने हलते, हवा भरली की फुगते. डॉक्टर नोंद करतात ती ‘दातांपासून इतके सेंटीमीटर, घड्याळाच्या अमुक आकड्याच्या दिशेला’ अशी. पण स्कोप थोडा जरी फिरला तरी पडद्यावरचं ते घड्याळ फिरतं. बॅरेट्समध्ये सिॲटल प्रोटोकॉलप्रमाणे दर 2 सेंटीमीटरवर चारही बाजूंनी बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी अस्तराचा छोटा तुकडा घेतात, आधी डिस्प्लेशिया (कर्करोगाआधीचे पेशींतले बदल) आढळला असेल तर दर 1 सेंटीमीटरवर. अशा ठिकाणी थोडक्यात हुकलं, तरी तुकडा भलत्याच जागेचा येऊ शकतो.

आता यातलं गणित. एका फ्रेममध्ये डॉक्टरांनी एक बिंदू दाखवला. कॅमेरा हलल्यानंतरच्या फ्रेममध्ये तो नेमका कुठे असेल हे दोनच चित्रांवरून सांगता येत नाही, पण तो कोणत्या रेषेवर असेल हे सांगता येतं. हीच एपिपोलर भूमिती. तोच बिंदू आधीच्या आणखी एका फ्रेममध्ये टिपलेला असेल, तर दुसरी रेषा मिळते आणि दोन्ही रेषा छेदतात तिथे आपली जागा. रेषा काढायला दोन चित्रांमधल्या जुळणाऱ्या खुणा लागतात. डेव्हिड लो यांनी 1999 मध्ये मांडलेली सिफ्ट पद्धत अशा खुणा शोधते, तर फिशलर आणि बोल्स यांची 1981 ची रॅन्सॅक पद्धत चुकीच्या जोड्या बाजूला काढते.

कागदावर हे सोपं दिसतं. आतल्या अस्तरावर मात्र ठळक खुणा कमी असतात, दिव्याची चकाकी खोट्या खुणा तयार करते, आणि ऊतक ताणलं गेलं की रेषाच सरकते. त्यात दोन रेषा जवळजवळ समांतर असल्या, तर रेषेतल्या केसभर चुकीने छेदबिंदू कुठल्या कुठे जातो. म्हणून चांगली प्रणाली अनेक फ्रेम्समधून रेषा घेते आणि एका ठिपक्याऐवजी एक क्षेत्र दाखवते : जागा बहुधा इथे आहे, आणि खात्री एवढी आहे. माझ्या मते या कामाचा जीव इथे आहे. डॉक्टर त्या क्षेत्रावर विसंबून चिमटा पुढे नेणार आहेत, त्यामुळे खात्री नसताना तसं सांगणारं सॉफ्टवेअर लिहिता आलं पाहिजे. त्यासाठी रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि कॅमेरा कॅलिब्रेशन पक्कं हवं. एंडोस्कोपचं भिंग फार रुंद कोनाचं असतं, सरळ रेष वाकडी दिसते. हे दुरुस्त केल्याशिवाय पुढचं सगळं चुकतं.

एक फरक ध्यानात ठेव. एकाच तपासणीत, मिनिटभरापूर्वीची जागा पुन्हा शोधणं एक. काही महिन्यांनी शोधणं अगदी वेगळं. मधल्या काळात अस्तर भरून येतं, रूप बदलतं. बाबांची अडचण दुसऱ्या प्रकारची आहे आणि ती जास्त अवघड आहे. तिथे शाईचा टॅटू (अस्तरात शाई टोचून केलेली खूण), स्कोपच्या टोकाची जागा सांगणारे विद्युतचुंबकीय सेन्सर अशा गोष्टी चित्रांच्या जोडीला घ्याव्या लागतात.

तेव्हा शाखेच्या नावावर अडू नकोस. कॉम्प्युटर व्हिजनचा (कॉम्प्युटरला चित्रं समजावण्याच्या शास्त्राचा) पाया भक्कम असलेला आणि रुग्णालयाशी प्रत्यक्ष काम चालू असलेला विभाग निवड. प्रवेशाआधी तिथल्या प्राध्यापकांना दोन गोष्टी विचार : नैतिक समितीच्या मान्यतेने मिळालेले एंडोस्कोपीचे व्हिडिओ विद्यार्थ्यांना वापरायला मिळतात का, आणि एंडोस्कोपी कक्षात बसून काम पाहता येतं का. दोन्हींना ‘हो’ असेल, तर पाटीवर एआय असो की बायोमेडिकल, बेलाशक जा. पुढे उपकरण कंपन्यांत नोकरी करायची तर वैद्यकीय सॉफ्टवेअरचं आयईसी 62304 आणि जोखीम व्यवस्थापनाचं आयएसओ 14971 ही मानकं माहीत असावी लागतात. ती कामावर शिकता येतील. भूमितीचं तसं नाही, ती आत्ताच कर.

या सुट्टीत एक प्रयोग कर. मऊ नळीच्या आत नक्षीचं कापड चिकटव, त्यावरचा एक बिंदू निवड, छोटा कॅमेरा आतबाहेर कर आणि पायथनमध्ये ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी वापरून तो बिंदू पुन्हा शोध. किती मिलिमीटरने चुकलं ते मोज. मग नळी हाताने दाबून तेच परत कर आणि चूक किती वाढली ते लिहून ठेव. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी कृत्रिम मोठ्या आतड्यात चित्रित केलेला सी3व्हीडी हा डेटासेट खुला आहे. त्यात खोलीची खरी मापंही दिलेली आहेत, पुढची पायरी त्यावर कर. प्रवेश अर्जासोबत हे आकडे जोड, चुकलेले आकडेसुद्धा.